दादाच्या दारात विमान

बसने पाऊण तास लागायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचा सगळा घोळ वाचून झाल्यावर कुणीतरी शहाणा चष्मा पुसत विचारणार, "मग तो गाढव बसने का गेला नाही?" नाही गेला. बस होती, बसमध्ये जागा होती, पुलावरच्या चौकीत शिक्का मारायला माणूस होता आणि पलीकडच्या थांब्यापासून दादाचं घर हाकेवर होतं. तरी नाही गेला. मान दिलेली असते ती ताठ ठेवायला, आणि तिच्यावरचं डोकं हा निव्वळ टोपी ठेवायचा खुंटा, अशी ज्यांची समजूत असते त्या जमातीतला तो होता. ही जमात केवढी मोठी आहे ते ज्याने त्याने आरशात बघून ठरवावं.

पाणीपुरवठा कचेरीत तो हेडक्लार्क होता. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून त्याने अर्धं आयुष्य काढलं होतं. नवीन नळ हवा असलेला माणूस खिडकीशी आला की हेडक्लार्क आधी त्याच्याकडे बघायचा, मग कागदांकडे, मग पंख्याकडे, आणि म्हणायचा, "अर्ज अपूर्ण आहे." काय अपूर्ण आहे ते सांगायचा नाही. सांगितलं तर माणूस ते पूर्ण करून आणतो आणि मग नळ द्यावा लागतो. गावात अशी घरं होती की जिथे पोराला दाढी आली पण नळाला पाणी आलं नाही.

पण हाच माणूस घरी आला, शर्ट खुंटीला लावला आणि गॅरेजात शिरला की वेगळाच व्हायचा. गॅरेज होतं, मोटार नव्हती. तिथे तो विमान बांधत होता. खरंखुरं. दोन माणसांचं. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, नाकात एक जुनं इंजिन. शेजारीपाजारी त्याला 'पायलटसाहेब' म्हणायचे, ते ज्या सुरात म्हणायचे तो सूर सोडला तर मान होता. शेजारचे रिटायर्ड मास्तर कुंपणावर कोपरं टेकून सल्ला द्यायचे, "शेपूट आखूड झालंय. बगळा बघा, बगळा." समोरचे दाताचे डॉक्टर पंख हलवून बघायचे आणि मान हलवायचे. "मूळ भक्कम नाही. आज हलतंय, उद्या काढावंच लागेल." फुकट सल्ला देणाऱ्या माणसाइतका निवांत प्राणी पृथ्वीवर दुसरा नाही. पडणार दुसरा असतो ना.

आता दादा. दादा म्हणजे हेडक्लार्कचा थोरला भाऊ, घड्याळजी. नदीपलीकडे, म्हणजे कायद्याने दुसऱ्या देशात, सासऱ्याचं दुकान चालवायला गेला आणि तिथलाच झाला. लहानपणी धाकट्याला कागदाची विमानं करायला त्यानेच शिकवलं होतं. घडी नखाने दाबायची, थुंकी लावायची नाही, ही त्याची शिस्त. मिशी अशी पिळदार की गिऱ्हाईक घड्याळ घ्यायला यायचं आणि मिशी बघून घड्याळ विसरून जायचं. तर तो एकदा गॅरेजात आला, डोळ्याला भिंग लावून सांगाड्याभोवती फिरला, चिमट्याने एका नळीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "पोकळ आवाज येतोय."

"नळी आहे दादा. पोकळच असणार."

"नळीचं नाही म्हणत मी. हे उडालं ना, तर ही मिशी उतरवीन."

हे हसण्यावारी गेलं असतं. पण दाताचे डॉक्टर तिथे उभे होते आणि ते हसले. भावाने केलेला अपमान एकवेळ पचतो, शेजाऱ्याच्या देखत केलेला पचत नाही. हेडक्लार्कच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग ऐक. आता तुझ्या दारात येईन तो ह्यात बसूनच येईन. तोवर नाही."

"ये की. अंगण मोठं आहे. पुढे मैदानही आहे."

"येतोच."

या दोन वाक्यांवर सहा वर्षं गेली.

भाऊ बोलेनासे झाले असं मात्र कुणी म्हणू नये. रोज संध्याकाळी फोन व्हायचा, फक्त तो दोन जावांचा असायचा. इकडून हेडक्लार्कची बायको, तिकडून वहिनी. दोघे भाऊ आपापल्या घरी फोनपासून दोन हातांवर वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि जे बोलायचं ते वर्तमानपत्राला सांगायचे.

"त्याला म्हणावं, वस्तऱ्याला धार लावून ठेव."

बायको फोनवर म्हणायची, "हे विचारतायत, मोठे भावजी बरे आहेत ना?"

तिकडून दादा गुरगुरायचा, "त्याला सांग, गाढवाला पंख फुटल्याचं माझ्या ऐकिवात नाही." वहिनी म्हणायची, "हे म्हणतायत, तब्येतीला जपा." भाषांतरात शिव्या गळून पडायच्या. दोघींनी मिळून या दोन भावांचं इतकं गोड नातं तयार केलं होतं की ते त्यांच्यापुढे ठेवलं असतं तर दोघांनीही ओळखलं नसतं. फोन ठेवला की हेडक्लार्क वर्तमानपत्र खाली करून विचारायचा, "काय म्हणाला दादा?" एवढंच. बायको काहीतरी सांगायची.

ती स्वतः महिन्या-दोन महिन्यांनी बसने जावेकडे जाऊन यायची. पुलावरचा शिपाई तिला इतका ओळखायचा की पासपोर्ट उघडायच्या आधीच शिक्का उचलायचा. परत आली की म्हणायची, "एकदा चला ना माझ्याबरोबर."

"विमान झालं की."

"बसला काय काटे आहेत?"

"प्रश्न बसचा नाही, शब्दाचा आहे."

आता एक गोष्ट, जी हेडक्लार्क सोडून सगळ्यांना ठाऊक होती. दादाचे डोळे चालले होते. आधी भिंग जाड झालं, मग सेकंदकाटा दिसेना, मग मिनिटकाटा, मग दुकानाची पाटी उतरली. डॉक्टरने सांगितलं, जेवढं टिकेल तेवढं टिकेल. दादाने घरात ताकीद दिली, धाकट्याला कळवायचं नाही. "कळलं तर उद्याच्या बसने रडत येईल. मला रडणारा भाऊ नको. वरून उतरणारा हवा. तो उतरताना मला बघायचाय." वहिनीने धाकट्या जावेकडून शपथ घेतली. तेव्हा शर्यत लागली होती ती अशी: एकीकडे दादाचे डोळे, दुसरीकडे सरकारी खातं. कोण जिंकणार यावर पैज लावायला मूर्खसुद्धा तयार झाला नसता.

तर विमान उडालं. खरंच उडालं. गावाबाहेर नदीकाठी गवताची एक जुनी धावपट्टी होती, शेतांवर औषध फवारणाऱ्या विमानांनी सोडून दिलेली. परीक्षकाने दोनदा नाक मुरडून उड्डाणाचा दाखला दिला आणि हेडक्लार्क वर गेला. वर गेल्या गेल्या त्याला पलीकडे दादाच्या घराचे निळे पत्रे दिसले. मध्ये फक्त नदी. एक सिगरेट संपायच्या आत पोचला असता. दुसरा कुणी असता तर गेलाही असता. पण हेडक्लार्कच्या अंगात रक्ताऐवजी शाई होती. तो खाली उतरला, हात धुतले, स्वच्छ शर्ट घातला आणि सीमा-नियंत्रण कक्षाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला. जन्मात पहिल्यांदा.

आत एक अधिकारी बाई होत्या. चष्म्याची साखळी गळ्यात, चेहऱ्यावर इस्त्री.

"खासगी हलकं विमान. देशाबाहेर," त्यांनी वाचलं. "देशाबाहेर कुठे?"

"ते काय, तुमच्या मागच्या खिडकीतून दिसतायत. निळे पत्रे."

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. "पत्रे कुठल्या देशात?"

"पलीकडच्या."

"मग देशाबाहेर. देशाबाहेर जायचं तर मान्यताप्राप्त विमानतळावरून. जिथे पासपोर्टवाले आणि कस्टमवाले बसतात तिथून. उतरायचंही तसल्याच ठिकाणी."

याचा अर्थ असा की आधी नदीकडे पाठ करून अर्धा दिवस देशाच्या आत उडायचं, तिथे शिक्का घ्यायचा, परत तेवढंच उलटं यायचं, दादाच्या पत्र्यांवरून न थांबता जायचं, पलीकडच्या मोठ्या विमानतळावर दुसरा शिक्का घ्यायचा आणि मग मागे फिरून दादाकडे. शेजारच्या घरी वाटीभर साखर मागायला जाताना गावाला वळसा घालण्याची ही रीत ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला बढतीच मिळाली असणार.

"माझी टाकी एवढी पुरत नाही," हेडक्लार्क म्हणाला.

"टाकी मोठी करा."

"टाकी मोठी केली तर विमान उठत नाही."

"मग प्रश्नच मिटला."

"दुसरा काही मार्ग?"

"विशेष परवानगी. अर्ज करा."

त्याने अर्ज केला. असा अर्ज की त्याच्या स्वतःच्या कचेरीत आला असता तर भिंतीवर लावला असता. कित्येक दिवसांनी बोलावणं आलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग कागदांकडे, मग पंख्याकडे.

"अर्ज अपूर्ण आहे."

"काय अपूर्ण आहे?"

बाईंनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "बाई हुशार आहे. खूप वर जाईल." आणि न जेवता झोपला.

त्यानंतर जे सुरू झालं ते सविस्तर सांगायला बसलो तर वाचणाऱ्याचेच डोळे जातील. आधी वैमानिकाच्या चारित्र्याची चौकशी. हवालदार शेजारी फिरला. मास्तर म्हणाले, "माणूस सज्जन आहे, पण ऐकत नाही. शेपटाचं मी कधीपासून सांगतोय." हवालदाराने लिहून घेतलं, 'सूचना ऐकत नाही.' दाताचे डॉक्टर म्हणाले, "देशाविरुद्ध काही करेल असं वाटत नाही, तेवढा वेळच नाही त्याला. माझा नळ अजून दिलेला नाही." तेही लिहून घेतलं. या दोन जबान्यांचा खुलासा करण्यातच एक ऋतू गेला. दाताच्या डॉक्टरांचा नळ मात्र त्या आठवड्यातच मिळाला.

मग दादाकडच्या मैदानाचा प्रश्न. तिथे विमान उतरणार तर तिकडच्या कस्टमवाल्याने हजर राहायला हवं. तो कसा येणार? तर बसने. त्याच बसने. मग विमानाला रात्री कुलूप हवं, भोवती कुंपण हवं, कुंपणाला पाटी हवी. आणि प्रत्येक विमानाला एक सुरक्षा अधिकारी हवा, जो वैमानिकापेक्षा वेगळा असेल आणि उड्डाणाआधी वैमानिकाची झडती घेईल.

"विमानात मी एकटाच असतो," हेडक्लार्क म्हणाला.

"म्हणूनच वेगळा हवा. स्वतःची झडती स्वतः घेणार का?"

शेवटी त्याने बायकोचं नाव दिलं. तिला दिवसभराचं प्रशिक्षण मिळालं. घरी आल्यावर ती म्हणाली, "नवीन काही नाही. खिसे तपासायचे. ते मी लग्न झाल्यापासून करतेच आहे."

हे नियम करणारे लोक मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. मूर्ख असते तर एखादी फट राहिली असती. त्यांच्या डोळ्यांपुढे बंदुका नेणारे होते, सोनं नेणारे होते, पळून जाणारे होते. फक्त एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही की बंदुका नेणारा खिडकीशी येऊन अर्ज करत नाही. तो रात्री जातो. खिडकीशी रांगेत उभा राहतो तो भावाकडे जाणारा. नियमात अडकतो तोही तोच. आणि हेडक्लार्कला हे कळायला हवं होतं, कारण त्याच्या खिडकीशीही पाणी चोरणारे कधीच आले नव्हते. पण कळलं असेल तर त्याने तोंडाने कबूल केलं नाही.

या सगळ्या काळात बायको दोन-तीनदा शपथेच्या कडेवर येऊन उभी राहिली. एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली, "मोठ्या भावजींनी दुकान बंद केलंय."

"वय झालं. हात थरथरत असेल."

"हात नाही थरथरत."

"मग कंटाळला असेल. काय म्हणाला?"

तिने नळ बंद केला. "काही नाही. अंगणात बसून असतात. वर बघत."

"बघू दे," हेडक्लार्क खूश होऊन म्हणाला. "वस्तरा काढून ठेवलाय का विचारायचं होतंस."

आणि एके दिवशी परवानगी आली. एका तारखेची, एका तासाची, एका उड्डाणाची. सकाळी धावपट्टीवर सगळी आळी जमली. मास्तर शेपटाजवळ उभे राहिले. तिकडचा कस्टमवाला बसने दादाकडे पोचून चहा पीत असल्याचा फोन आला. दादा इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात बसल्याचंही कळलं. इकडे अधिकारी बाई जातीने आल्या होत्या. त्यांच्या देखत सुरक्षा अधिकाऱ्याने वैमानिकाची झडती सुरू केली. रुमाल निघाला, पेन निघालं, लवंगेची पुडी निघाली. आणि पँटच्या मागच्या खिशातून एक लांब स्क्रू-ड्रायव्हर निघाला.

बायकोने तो पटकन पदराआड घेतला. पण बाईंनी पाहिला होता.

"टोकदार वस्तू. विमानात नेता येणार नाही."

"अहो, याच्याशिवाय दार उघडत नाही!" हेडक्लार्क ओरडला. "कडी तुटलीय. बाहेरून यानेच उघडायचं आणि आतूनही यानेच."

"दार उघडायला हत्यार लागतं?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ही बाब अर्जात नाही."

"अहो बाई, पलीकडे माझा भाऊ बसलाय."

"मी काही म्हणत नाही. मी फक्त म्हणते की अर्ज अपूर्ण होता."

मास्तर म्हणाले, "दार उघडं ठेवून जा." दाताचे डॉक्टर म्हणाले, "दारच काढून टाका." बायको बाईंजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजच जाऊ द्या हो. आजच्याला महत्त्व आहे." बाईंनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं की इस्त्री मोडते. पण तेवढ्यात परवानगीचा तास संपला आणि बाईंना हायसं वाटल्याचं स्पष्ट दिसलं. नियमाने सुटका केली की माणसाला फार बरं वाटतं.

दादा संध्याकाळपर्यंत अंगणात बसून होता. फोनवर वहिनी म्हणाली, "बरं झालं नाही आले. इकडे वारा फार होता." वारा नव्हता. पान हललं नव्हतं.

"काय म्हणाला दादा?"

"म्हणाले, घाई नाही," बायकोने सांगितलं. आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

कडी नवीन बसवली. कडीचा दाखला घेतला. पुन्हा अर्ज. यावेळी पलीकडच्या सरकारला शंका आली की मैदान हे मैदान आहे की शेत. शेत असेल तर खातं वेगळं. ते वर्षही गेलं. अखेर अधिकारी बाईंनीच एक तोड काढली. त्यांनाही बहुधा हा माणूस खिडकीशी नकोसा झाला होता.

"सीमा ओलांडू नका," त्या म्हणाल्या. "नदीला समांतर उडा. आपल्या हद्दीत. त्याला माझी सही पुरते. तुमच्या भावाला विमान दिसेल, झालं तर मग."

हेडक्लार्कच्या मानेला ते पटत नव्हतं. दारात जाईन म्हणाला होता, दारासमोरून जाईन असं नाही. पण मान सहा वर्षं ताठ राहून अवघडली होती. "चालेल," तो म्हणाला. त्या रात्री फोनच्या वेळी त्याने वर्तमानपत्राला सांगितलं, "म्हणावं, उद्या सकाळी अंगणात बस. आणि वस्तरा हाताशी ठेव."

बायकोने फोनची तार बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली. मग म्हणाली, "हे म्हणतायत, उद्या येतायत." पहिल्यांदाच तिने जवळजवळ खरं भाषांतर केलं.

सकाळी विमान गवतावरून धडधडत गेलं आणि उठलं. नदी खाली चमकत होती. हेडक्लार्क इतका खाली उडत होता की पलीकडच्या काठावर धुणी वाळत घातलेली मोजता आली असती. निळे पत्रे आले. अंगण आलं. अंगणात खुर्ची, खुर्चीत पांढरा शर्ट, शेजारी वहिनी.

आणि दादाने त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

हेडक्लार्कचं रक्त उसळलं. बघायचंच नाही म्हणजे उडालं नाही! मिशी वाचवायला काय एकेक युक्त्या! सहा वर्षं, हवालदार, कडी, कुंपण, आणि हा माणूस घराच्या मागच्या टेकडीकडे तोंड करून बसतो! त्याने इंजिन आणखी वाढवलं, वळला, आणि पुन्हा आला. आता बघ. आता कसा बघत नाहीस ते बघतो.

यावेळी दादा उभा होता. तोंड वर होतं आणि तो हसत होता. दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवत होता, लहान पोरं आगगाडीला हलवतात तसे. टेकडीकडे. इंजिनाचा आवाज टेकडीवर आपटून परत येत होता आणि दादा त्या रिकाम्या टेकडीला हात करत होता. वहिनीने त्याला खांद्याला धरलं, कपाट फिरवावं तसं नदीकडे फिरवलं, बोटाने दाखवलं. तोवर विमान पुढे गेलं होतं. दादा पुन्हा हसला आणि जिथे काहीच नव्हतं तिथे हात हलवू लागला.

हेडक्लार्कला कळलं.

कळल्यावर त्याच्या हाताने काय केलं ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. विमान आपोआप निळ्या पत्र्यांकडे वळलं. नदीच्या मध्यावर आलं. मध्य ओलांडला. रेडिओतून बाईंचा आवाज आला, "मागे फिरा! सीमा ओलांडलीत! ताबडतोब मागे फिरा!" आणि इतके दिवस खिडकीशी उभा राहिलेला तो माणूस, काय करणार, मागे फिरला. तेवढं तरी करायला नको होतं असं मला वाटतं. पण मी खिडकीशी उभा नव्हतो.

खाली उतरल्यावर विमानाला सील लागलं. बाईंनी विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्याला सुतळी बांधून घेतली, सुतळीवर लाख ओतली आणि पंचनाम्यात 'सीमाभंग' असा शब्द घातला. मास्तर म्हणाले, "शेपटामुळे वळलं ते. मी सांगत होतो." हेडक्लार्कला काही ऐकू येत नव्हतं. तो बायकोसमोर उभा होता.

"दादाला दिसत नाही."

"नाही."

"अजिबात?"

"आता अजिबात नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या दिवशी दिसत होतं थोडं. आकार दिसायचे. उतरला असतात तर दिसला असतात."

त्याने विमानाच्या पंखावर हात टेकला. "मला का नाही सांगितलंस?"

"शपथ होती."

"शपथ! माझा भाऊ आहे तो!"

"मग विचारायचं होतंत!" बायकोचा आवाज असा चढला की लाख ओतणाऱ्या बाईंचाही हात थांबला. "रोज फोन ठेवला की 'काय म्हणाला दादा? काय म्हणाला दादा?' एकदा तरी 'कसा आहे दादा' म्हणालात? एकदा विचारलं असतंत ना, तर मोडली असती मी शपथ. रोज संध्याकाळी वाट बघायचे मी, आज विचारतील म्हणून."

मास्तर शेपटाकडे बघू लागले. दाताच्या डॉक्टरांनी काही सल्ला दिला नाही. त्या दिवसाची तेवढीच एक चांगली गोष्ट.

दुपारच्या बसमध्ये दोघं शेजारी शेजारी बसले. बस निवांत चालली होती, थांबत, माणसं घेत. पुलावर शिपायाने बायकोला ओळखीचं हसून दाखवलं आणि हेडक्लार्ककडे वळला. "आज साहेबही? कशासाठी जाताय?"

"भावाला भेटायला."

ठप्प. शिक्का बसला. हेडक्लार्क तिथेच उभा राहिला. त्याला वाटत होतं की या माणसाने काहीतरी हरकत घ्यावी. एखादा कागद मागावा, पंख्याकडे बघावं. निदान थोडा वेळ तरी लावावा. "चला साहेब," शिपाई म्हणाला, "मागे लोक आहेत."

दादा त्याच खुर्चीत होता. ओठावरची जागा कोरी होती, इतक्या वर्षांत ऊन न लागलेली, पांढरीफटक. कानाजवळ साबणाचा फेस वाळला होता आणि वहिनी ओल्या कापडाने तो पुसत होती. फाटक वाजलं तशी तिचा हात थांबला.

"बसने आलास," दादा म्हणाला.

"कसं कळलं?"

"आंधळा झालोय, बहिरा नाही. त्या बसचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. विमान कुठाय?"

"सरकारने बांधून ठेवलंय."

"उडालं मात्र."

"उडालं."

"आवाज पोकळ नव्हता. मी सकाळीच उतरवली." दादाने ओठावर बोट फिरवलं. "इथे वारा लागतो रे. सवय नाही." मग जरा पुढे झुकून म्हणाला, "मी हात केला होता. दिसला?"

"दिसला."

"नेमक्या बाजूला होता ना? ही म्हणते चुकला."

हेडक्लार्कने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने कापड पिळायला घेतलं, ते कोरडं होईपर्यंत पिळत राहिली.

"अगदी माझ्याकडे," तो म्हणाला.

"मग!" दादा खुर्चीत मागे रेलला. "आता सांग. कसं दिसत होतं ते? वर गेल्यावर?"

हेडक्लार्कने तोंड उघडलं. या विमानाबद्दल तो सहा वर्षं रोज बोलला होता. आळीला, हवालदाराला, खिडक्यांना, वर्तमानपत्राला. पण ते वर कसं दिसतं हे कुणी विचारलंच नव्हतं.

"मी आत होतो, दादा. मी कुठे पाहिलं?"

दादाचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. "म्हणजे आपण दोघांनीही पाहिलं नाही म्हणायचं! एवढा उपद्व्याप करून!" धाकटाही हसायला गेला, आणि त्याने दादाच्या खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मी सांगते," बायको पायरीवर बसत म्हणाली. "आधी गवतातून टोळासारखं उड्या मारत गेलं. मी म्हटलं, गेलं आता काठावरून पाण्यात. मग एकदम उचललं. पोटाला माझ्या निळ्या चादरीचं ठिगळ आहे, ते तेवढं चमकलं."

"ठिगळ? कसलं ठिगळ?" हेडक्लार्क म्हणाला.

"मांजराने फाडलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर पुन्हा वर्षभर गॅरेजात बसला असतात. मी शिवून टाकलं."

"बघ, चादरीवर उडत होतास!" दादाने मांडीवर थाप मारली. "आणि इकडून? इकडून कसं दिसलं ग?"

"इकडून दोन दिसत होती," वहिनी म्हणाली. "एक वर आणि एक पाण्यात. पाण्यातलं जरा मागे राहायचं, मग वरच्याला गाठायचं."

दोघे भाऊ ऐकत होते, रोज संध्याकाळी ऐकायचे तसे, फक्त हातात वर्तमानपत्र नव्हतं. बाहेर परतीच्या शेवटच्या बसने भोंगा दिला. दार एकदा आपटलं, मग दुसऱ्यांदा आपटलं, आणि बस गेली. कुणी उठलं नाही.

"पुन्हा सांग," दादा म्हणाला. "पहिल्यापासून. गवतापासून."